वेळेवर न फोडलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. खरे तर शिक्क्याचे दोन तुकडे. पोलंडमधल्या एका कॅथेड्रलच्या फरशीखाली फादर डोब्रोगोस्त यांच्या हाडांशेजारी मी पडलो आहे.

सोनाराने माझ्यावर बिशप विशिमिर यांना कोरले. एका हातात दंड, दुसरा आशीर्वादासाठी वर. राजाची शिकारी कुत्री पोसण्याचा भार झेरेमिन गावावर होता. घरची पोरे उपाशी आणि राय धान्याची भाकरी कुत्र्यांना. बिशप त्यासाठी राजाशी सात वर्षे भांडले. अखेर गावाला त्या भारातून सूट देणारे माफीपत्र झाले आणि त्यावर मी उमटलो. गावकऱ्यांना अक्षर येत नसे, पण मला ते ओळखत. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

मग बिशप वारले. धनी गेला की शिक्का त्याच दिवशी वेदीसमोर फोडायचा, अशी आमची रीत. एकोणीस वर्षे मला गळ्यातल्या पिशवीत सांभाळणाऱ्या डोब्रोगोस्तांनी हातोडा उचलला आणि खाली ठेवला.

“उद्या फोडतो,” ते म्हणाले. “एका दिवसात दोनदा कसं पुरू त्यांना?”

“तुम्ही त्यांच्याजवळ बसा, काका. तोवर मी सांभाळतो,” फादर यारोस्ट म्हणाले.

यारोस्ट याच कॅथेड्रलचे धर्मगुरू, आणि राजाचे चिटणीसही. कुंपणानेच शेत खाल्ले. बिशपांनी माफी सोडून दिली, असे पत्र मागची तारीख घालून त्यांनी लिहिले आणि मला मेणात दाबले. नाही म्हणायची सोय माझ्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी मला समारंभाने फोडले. वरातीमागून घोडे. कुत्र्यांचा भार पुन्हा गावावर आला, आणि पुढे राजाने यारोस्टांनाच बिशप केले. मग दाद कुणापुढे मागायची?

डोब्रोगोस्त माझे तुकडे घेऊन झेरेमिनला गेले. गावप्रमुख बोगुताने त्यांना बसाही म्हटले नाही.

“शिक्का खोटा होता का, फादर?”

“शिक्का खराच होता, बाबा. पत्र खोटं होतं.”

“पत्र कुणाला वाचता येतं? आम्ही शिक्क्यावरचा माणूस ओळखत होतो. त्यानंच विकलं आम्हाला.”

डोब्रोगोस्त रडले. ते बघायला कुणी थांबले नाही.

मित्रांनो, वस्तू जिवापाड जपा, असे सगळे सांगतात. मी कुठल्या तोंडाने सांगू? ज्याची वेळ संपली ते वेळेवर फोडा, हात कितीही अडखळला तरी. मला त्या दिवशी घाव हवा होता, माया मिळाली.

परतताना अंगणात एक म्हातारी राजाच्या कुत्र्यापुढे भाकरी टाकत होती.

“घे, विशिमिर,” ती म्हणाली. “खा.”