शेवटची निब

उद्या प्रेमराजच्या जबड्याचं ऑपरेशन. त्याआधी भावाचा चेहरा शाईत उतरवून ठेवावा म्हणून मंजुळाबाई धुळ्याहून पारोळ्याला आल्या होत्या. पेटीत एकच कोरी निब उरली होती. तिच्यावरचं तेल जाळायला त्यांनी ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली.

"अक्का, मिशी झोकदार काढ. तीच एक इस्टेट शे मन्ही!"

त्या हसत राहिल्या आणि निब लाल झाली. अशा निबेची लवचीकता जाते, हे त्यांनीच वर्गात किती मुलांना सांगितलं होतं.

डोळे, नाक छान उतरलं. मिशीसाठी दाब दिला, तशी निब फाकली ती मिटलीच नाही. शाई ओघळून हनुवटीवर पसरली.

"जमली का?"

"हलू नकोस," म्हणत त्या कागदाच्या जरा वर टाक नुसताच हवेत फिरवत राहिल्या.