तोंडाच्या पेटीतली मी कोण?

मित्रांनो, मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहायची काचेची एक जुनी पट्टी आहे. माझ्या अंगावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा मांसाचा काप चिकटवलेला आहे. तो कशाचा, असे मात्र एकदम विचारू नका. माझे अर्धे आयुष्य त्याच गोंधळात गेले.

नव्वद सालाच्या सुमारास बेंगळुरूत, के. आर. पुरमजवळच्या एका दंतमहाविद्यालयात माझा जन्म झाला. प्रयोगशाळेतल्या पद्मावतीबाईंनी तो काप मेणात थिजवलेल्या तुकड्यातून कातरला, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवला आणि वर नाजूक काच बसवली. काम करताना त्या स्वतःशी मराठीत पुटपुटत, म्हणून माझीही भाषा मराठीच. त्यांनी माझ्या कडेला नावाची चिठ्ठी डकवली होती. त्या निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ चिठ्ठीही गळून पडली. झाले! मी बिननावाची उरले.

देवाप्पा शिपायाने मला उलटसुलट करून पाहिले आणि "इदु बायी," म्हणत एका पेटीत ठेवले. मी हुरळून गेले. मला वाटले, आपण चांगल्या मानाच्या बाई आहोत! कन्नडात इदु म्हणजे हे आणि बायी म्हणजे तोंड, हे पुष्कळ उशिरा कळले. त्या पेटीत गालाच्या, हिरडीच्या, जिभेच्या पट्ट्या होत्या. मुलांना माझ्यात पट्टे असलेला स्नायू दिसला आणि त्यांनी मला जीभ ठरवून टाकले. पण जिभेवर बारीक खरखरीत उंचवटे असतात आणि माझा पृष्ठभाग अगदी सपाट! जिभेच्या पट्ट्या नाक नसतानाही माझ्याकडे बघून नाक मुरडत. मला फार एकटे वाटे.

क्षमा नावाची मुलगी एकदा परीक्षेत माझ्यापाशीच अडखळली आणि नापास झाली. तिचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतले मराठी. फेरपरीक्षेच्या दिवशी मी तिच्या वाट्याला पुन्हा आले. दाराशी तिची मैत्रीण रम्या तिला समजावत होती.

"स्वल्प डोकं वापर, क्षमा. सगळे जीभ म्हणतात. तू पण जीभ म्हण आणि सरी, बरं सर, म्हणून बाहेर ये. परत नापास झालीस तर तुझे अण्णा कॉलेज सोडवतील."

"दिसत नाही ते कसं म्हणू गं?"

परीक्षक भीमाचार्यही मराठी घरातलेच. रागावले की त्यांना मराठीच सुचे. क्षमाने भिंगातून मला बराच वेळ पाहिले. म्हणून टाक जीभ, असे मला ओरडावेसे वाटले.

"अन्ननळी, सर. मधला भाग."

"पेटी तोंडाची आहे!"

"हो सर. पण इथे पट्टे असलेला स्नायू आहे आणि शेजारीच बिनपट्ट्यांचा. अन्ननळीत वर पहिला असतो, खाली दुसरा. मध्ये दोन्ही असतात."

"घाबरून दोन्ही नावं घेतेस?"

"घाबरलेय, सर. पण आहेत दोन्ही."

भीमाचार्य चिडून खाली वाकले. डोळा वरच्या भिंगाला लावूनच त्यांनी सूक्ष्मदर्शकाचे चक्र फिरवले. खालचे भिंग धाडकन माझ्यावर आले आणि माझ्या कोपऱ्याला तडा गेला. किती दुखले म्हणून सांगू! ते चपापले. मग हलक्या हाताने भिंग वर घेऊन त्यांनी मला पुन्हा पाहिले, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दोन्ही आहेत," ते हळूच म्हणाले. "पास झालीस, जा."

तेव्हा कुठे क्षमाने आवंढा गिळला. तो तिच्या गळ्यातून खाली उतरला आणि मला पहिल्यांदाच माझे काम समजले. वरचा स्नायू ज्या जागी घास खालच्या स्नायूच्या हाती सोपवतो, ती जागा मी. मला रडूच आले. मी दोन्हीकडची आहे, आणि त्यात माझे काही चुकलेले नाही.

मित्रांनो, आम्हा पट्ट्यांना जपून हाताळा. भिंग खाली आणताना बाजूने पाहत जा. आणि पेटीवर काय लिहिले आहे ते वाचण्याआधी, आत कोण आहे ते एकदा बघा.