हिरवी पट्टी

नर्सबाईंनी घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. ओल्या मातीत गाईचा खूर उमटावा तसा. मग अगदी सावकाश भरत आला.

"वकील, पायात पाणी साचलंय. गोळ्या घेता ना?"

"घेतो की. न चुकता."

म्हातारा कोर्टाची पायरीही चढलेला नव्हता. बांधावरची भांडणं बोलून मिटवायचा, म्हणून गावानं त्याला वकील केलेला. आदल्या रात्री बायको जमिनीचे कागद वाचून दाखवायची आणि सकाळी हा तेच तोंडपाठ मांडायचा. सही चित्र काढावं तशी गिरवून शिकलेला. अख्ख्या गावात हे फक्त तिला माहीत होतं. गेल्या थंडीत ती गेली. नवऱ्याच्या औषधांवरचं अक्षर न् अक्षर वाचणारी बाई, स्वतःचा ताप मात्र कांदालागणीपायी अंगावर काढत राहिली.

अंगणात कांद्याचा ढीग पसरला होता. सून सडके कांदे बाजूला काढत होती. दूध गोळा करायला आलेला गवळी कॅन खाली ठेवून कानोसा घेत उभा.

"आणा बघू गोळ्या," नर्सबाई म्हणाल्या.

सुनेनं डबा आणला. चंदेरी पट्टी जशीच्या तशी. हिरवी रिकामी.

"ही चंदेरी पाण्याची गोळी, सूज उतरवणारी. एकही घेतली नाही? आणि ही हिरवी पित्ताची, ती मात्र संपवली?"

म्हाताऱ्यानं रिकामी हिरवी पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. बायकोनं शिकवलेलं, हिरवी ती पाण्याची. दुकानदारानं कंपनी बदलली, हिरवा रंग पित्ताच्या गोळ्यांना गेला. रंगाखेरीज त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"वाचून बघितलं नाहीत?"

"चष्मा..."

"डोक्यावरच आहे की, बाबा!" सून हसली. "मी नुसत्या आणून ठेवते हो. ते वाचून घेतात. त्यांना कोण शिकवणार?"

"बरोबर आहे," गवळी म्हणाला. "वकिलाला काय वाचता येत नाही होय?"

नर्सबाई हसल्या नाहीत. "गावोगाव फिरते मी. बाई असो की बुवा, शिकलेली माणसं म्हातारपणी जास्त टिकतात. औषध वाचून घेतात, वेळेवर दवाखान्यात येतात. इथे वाचणारा माणूस घरात असून ही तऱ्हा! अजून थोडे दिवस गेले असते तर छातीत पाणी भरलं असतं." मग त्या सुनेकडे वळल्या. "लक्ष कुणी द्यायचं? सासू होती तोवर पाय कधी सुजले होते का?"

सुनेच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"मी कामाला बाहेर असते, बाई..."

"कामं सगळ्यांनाच असतात."

"तेच म्हणतो मी," गवळी कॅन उचलत पुटपुटला. "म्हातारी गेली आणि म्हाताऱ्याचे हाल सुरू झाले."

आता हे घरोघर जाणार होतं. दुधाबरोबर, प्रत्येक दारात.

म्हातारा खाली मान घालून बसला. बायको गेल्यापासून तो रोज ठरवत होता, आज सांगू. सून ताट वाढताना "आमच्या बाबांना सगळं कळतं" म्हणायची आणि तोंडापर्यंत आलेले शब्द घासाबरोबर गिळले जायचे. आताही गप्प बसलं की भागणार होतं. बोल तिला लागला होता, त्याला नाही.

सून पदरानं डोळे पुसून परत कांदे निवडू लागली. चांगला कांदाही सडक्यात टाकत होती. तिला दिसतच नव्हतं.

त्याला ते बघवेना. गवळी फाटकापर्यंत पोचला होता.

"अरे ए, थांब!"

गवळी वळला.

म्हातारा भिंतीला धरून उठला. कान लालबुंद झालेले.

"पोरीची काही चूक नाही. सांगायचंच असेल तर हे सांग सगळ्यांना." तो सुनेकडे वळला, पण तिच्याकडे बघणं काही जमलं नाही. "उद्यापासून गोळ्या तू तुझ्या हातानं दे, बाई. मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."