मासेवाली, पाणीवाली आणि मी

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर पार वैतागलेला आहे.

तिघे ऐसपैस बसतील असा मला सुताराने घडवला. मग माझी रवानगी झाली विद्यापीठाच्या एका अरुंद व्हरांड्यात. डावीकडे सरांचे दार, उजवीकडे मॅडमचे. दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. "सर मीटिंगमध्ये आहेत", "मॅडम आत्ताच गेल्या" हे ऐकून ऐकून माझे खिळेसुद्धा किटले.

दोघांचा विषय एकच तलाव. त्यातले मासे मरत होते. सरांची विद्यार्थिनी माशांवर काम करी, मॅडमची विद्यार्थिनी पाण्यावर. शिपाईमामा त्यांना मासेवाली आणि पाणीवाली म्हणत. दोघींना एकच ताकीद होती, "कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचे नाही. लोक चोरतात!" त्यामुळे दोघी माझ्या दोन टोकांना पाठ फिरवून बसत. मधली माझी जागा रिकामीच. अशा शहाण्यांपुढे काय कपाळ फोडायचे?

एक दिवस दोन्ही दारे दुपारपर्यंत उघडलीच नाहीत. पाणीवालीने डबा उघडला आणि मधे सरकवला.

"घे गं. आपली सुटका काही आज होत नाही."

खाता खाता मासेवाली पुटपुटली, "तुमचं पाणी चांगलं म्हणे. मग माझे मासे का मरतात?"

"मला काय माहीत! काठावरचं पाणी दर वेळी स्वच्छच निघतं."

"काठावरचं? अगं, माझे मेलेले मासे सगळे तळाशी राहणारे आहेत!"

पाणीवालीचा घास हातातच राहिला. "तळाचं पाणी तर मी कधी काढलंच नाही."

पुढच्याच आठवड्यात दोघी एका होडीतून गेल्या. तलावात सोडलेले सांडपाणी तळाशी साचून कुजत होते आणि तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरलाच नव्हता. माझ्यावर बसून, भांडत, एकमेकींची वाक्ये खोडत त्यांनी लेख लिहिला. कुठले वाक्य कोणाचे, हे मलाही सांगता येणार नाही.

मग मात्र दोन्ही दारे धाडकन उघडली!

"लेखावरून तिचं नाव काढ," सर मासेवालीला म्हणाले.

"तू तिचं काढ," मॅडम पाणीवालीला म्हणाल्या. उभ्या आयुष्यात दोघांचे एवढ्याच बाबतीत एकमत झाले.

"सर, अर्धा मासा पोहत नाही," मासेवाली म्हणाली. "छापायचं तर दोघींच्या नावानं, नाहीतर नाही."

पाणीवालीनेही होकारार्थी मान हलवली. 

लेख दोघींच्या नावाने छापला गेला आणि तलावात सोडले जाणारे सांडपाणी बंद झाले. पण मॅडमनी पाणीवालीच्या प्रबंधावरची सही अडवली. तिला मार्गदर्शक बदलून पुन्हा सुरुवात करावी लागली. खापर फुटले माझ्यावर. "बाकामुळे गप्पा होतात" म्हणून मला जिन्याखाली टाकले आणि व्हरांड्यात एकेकट्या खुर्च्या आल्या, जमिनीला ठोकलेल्या.

आता माझा एक पाय डुगडुगतो. मित्रांनो, त्याला एक खिळा मारा, एवढेच मागणे आहे. कारण दोघी इथेही येतात, कालपासून त्यांच्यासोबत इतिहास विभागातला एक मुलगाही येतो. काल तो अवघडून उभा होता.

पाणीवाली त्याला म्हणाली, "उभा का? सरकतो आम्ही. बस आणि सांग, कुठं अडलंय तुझं?"