आधी तुझ्या हाताला लाव

ताई म्हणजे मुलखाची भित्री. कापडाचं ठाण डोळे मिटून कापेल, पण पांढरा कोट दिसला की हिने काढता पाय घेतलाच. हाताला मुंग्या येत होत्या, बोटांतून सुई निसटत होती, तरी कितीतरी दिवस तिने ते अंगावर काढलं. शेवटी धाकट्या बहिणीनेच, म्हणजे चिमीने, तिला धरून आणून आपल्या तपासणीच्या खोलीत बसवलं.

नसांमधून निरोप नीट जातो की नाही, हे मशीनवर बघणं हेच चिमीचं काम. मनगटापाशी विजेचा बारीक झटका द्यायचा; अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेली पट्टी उत्तर टिपते आणि पडद्यावर लाट उमटते.

"मी काय बल्ब आहे करंट द्यायला?" ताई म्हणाली. "आधी तुझ्या हाताला लाव. मग बघू."

"अगं, शरीरातही वीजच धावते. नसेला बारीक बारीक दारं असतात. एक उघडलं की बाहेरचं मीठ आत शिरतं, त्या धक्क्याने पुढचं उघडतं. कर्णोपकर्णी बातमी पसरते, तसं. मी नुसतं एक दार ठोठावते."

"ठोठाव की. तुझं."

चिमीने हसत स्वतःच्या हाताला पट्ट्या लावल्या आणि बटण दाबलं. पडद्यावरची लाट ठेंगणी आली. तिने झटका वाढवला, आणखी वाढवला. लाट तेवढीच.

नसेतला एकेक तंतू बोलला तर पूर्ण बोलतो, नाहीतर तोंडच उघडत नाही. कुजबुजणं त्याला ठाऊक नाही. झटका भरपूर असून लाट ठेंगणी, म्हणजे कितीतरी तंतू कायमचे गप्प झालेले. असल्या लाटा चिमीने परक्यांच्या हातांत पाहिल्या होत्या. पुढे त्या माणसांचे हातपाय कसे एकेक करून थांबतात, तेही पाहिलं होतं.

"मशीन रुसलंय आज," ती म्हणाली.

तिने पट्ट्या बदलल्या, वायर बदलली. गरम पाण्याखाली हात धरला. गार हाताने निरोप उशिरा पोचतो, लाट लहान होत नाही, हे तिला पाठ होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. लाट हटून बसली होती.

आता एकच उरलं होतं. "ताई, हात दे."

पट्टी चिकटवताना तिच्या मनात आलं, हिचीही बसकीच येऊ दे. म्हणजे दोष मशीनचा. आणि दोष मशीनचा नसला तर? तरी येऊ दे. आई गेल्यावर ताईने ज्या हाताने शिवणयंत्र चालवून तिला वाढवलं, त्याच हाताबद्दल तिने हे मागितलं. तिला स्वतःची किळस आली. तरी तिने बटण दाबलं.

लाट उंच आली. दुसऱ्यांदाही उंच, भरघोस.

चिमीने राहिलेली तपासणी उरकली. "मनगटात नस जराशी चेपली आहे. डॉक्टर सांगतीलच, पण भिण्यासारखं काही नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. मग तिला चेव आला. "बघ, माझी केवढी मोठी! तुझी एवढीशी. हरलीस की गं चिमे."

चिमीला हसू आलं नाही. ताईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"मशीन रुसलंय म्हणालीस ना?"

"मशीन चांगलं आहे, ताई."

ताईने उठून दार लावून घेतलं.

"मला भीती वाटते," चिमी म्हणाली. "डावा हात बघायचा राहिलाय. एकटीने बघवणार नाही."

करंटला घाबरणारी ताई खुर्ची ओढून तिला खेटून बसली. पट्टी कुठे लावायची, बटण कुठलं, विचारून घेतलं आणि स्वतःच दाबलं.

ही लाट पहिलीपेक्षाही ठेंगणी होती. ताईला आता ती वाचता येत होती.