अकरावं नाव

अंतिम सामन्याच्या टॉसला तास उरला होता आणि माझ्या पायाला भिंगरी लागली होती. खोलीत बसवेना, बाहेर उभं राहवेना. बूट दोनदा सोडून पुन्हा बांधले. टॉसच्या वेळी द्यायची अकरा जणींची यादी खिशात होती. त्यातल्या दहा नावांबद्दल मला शंका नव्हती. अकरावं माझं होतं.

नऊ वर्षं देशाची कर्णधार आहे मी. चांगल्या चांगल्या मुलींना "या वेळी नाही" असं तोंडावर सांगितलंय, आणि सांगताना आवाज कधी हलला नाही. पण गेल्या सात डावांत मिळून माझ्या चव्वेचाळीस धावा. पत्रकारांना कधी खेळपट्टीचं कारण दिलं, कधी वाऱ्याचं. नाचता येईना, अंगण वाकडं. सकाळी आईचा फोन आला. "तू नुसती मैदानात उभी राहा, बाकी होईल सगळं." आईचं काय, मी शून्यावर परतले तरी तिला मी दमलेलीच दिसते.

आमच्या प्रशिक्षकांना, सरांना, विचारलं तर ते चष्मा पुसायला लागले. "यादी तुझी आहे. कर्णधाराला बाहेर बसवणारा मी कोण?" म्हणजे स्वतः नामानिराळे.

मग मी भोपळीकडे गेले. पहिल्याच सामन्यात शून्यावर बाद झाली म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. त्यानंतर मात्र सरावात तिने धावांचा नुसता ढीग रचला होता, आणि माझ्या जागी खेळू शकेल अशी ती एकटीच होती.

"आज तू बाहेर," मी म्हटलं.

"बरं, ताई." तिने क्षणभर खाली बघितलं आणि चेंडूंची बादली उचलली. "चल, तुला चेंडू टाकते."

आमच्यात रीतच आहे ती. जी बाहेर बसते, तिने खेळणारीला बारा पावलांवरून हाताने चेंडू फेकून सराव द्यायचा. पहिले तीन माझ्या बॅटला लागलेच नाहीत. चौथा कड घेऊन जाळीत गेला. मग एकाएकी सगळे मधोमध बसू लागले. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. खांदा जोरात फिरत होता, पण चेंडू सोडताना ती मनगट ढिलं करत होती.

"जोरात टाक."

"जोरातच टाकतेय ना, ताई."

पुढचा आणखी हळू आला.

कानफटात बसल्यासारखं झालं मला. शिव्या घालणारे परवडले. ही पोर माझ्यामुळे बाहेर बसली होती आणि वर माझीच लाज राखत होती.

मी यादी काढली, माझं नाव खोडलं, तिचं लिहिलं आणि कागद शेजारच्या जाळीत सराव करणाऱ्या उपकर्णधाराच्या हातात दिला. "टॉसला तू जा." तिने एकदा कागद वाचला, एकदा माझा चेहरा, आणि ती मैदानाकडे निघाली.

"ताई, मी काही मुद्दाम..." भोपळी म्हणाली.

"पॅड बांध."

बादली मी घेतली. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, रागारागाने, चेंडू तिच्या पायांवर फेकले. तिने एकही सोडला नाही. ती चुकावी असं मला वाटत होतं. खरं सांगते, शेवटच्या चेंडूपर्यंत मला तेच वाटत होतं.