लाल फडक्यातले पुस्तक

मी एक जुने पुस्तक आहे. आणि मित्रांनो, साधेसुधे नाही बरे का! माझे मूळ लेखक चिदंबरनाथन मदुराईच्या सूतगिरणीत इंजिनीअर होते. तमिळ साप्ताहिकांत त्यांच्या रहस्यकथा आल्या की चहाच्या टपरीवर अंकासाठी ओढाताण व्हायची. मोठा खट्याळ माणूस! पहिल्या पानावर खून पाडायचे आणि खुनी सापडेपर्यंत वाचकाला विज्ञान शिकवून मोकळे व्हायचे.

मी मराठीत आलो तो नांदुऱ्याच्या कापसामुळे. तिथल्या कापसाच्या गाठींबरोबर भगवानराव नावाचे गृहस्थ त्या गिरणीत जायचे. तिथे ते तमिळ शिकले, या कथांच्या प्रेमात पडले आणि लेखकाच्या संमतीने त्यांनी मला मराठीत आणले. पहिली प्रत, म्हणजे मी, त्यांनी दुसरबीडला आपल्या बहिणीला, गीताबाईंना दिली.

गीताबाईंना वाचता येत नव्हते. भगवानराव वारले, तेव्हा त्यांनी मला भावाची आठवण म्हणून लाल फडक्यात बांधले आणि देवघरात पोथीशेजारी ठेवले. रोज हळद, कुंकू, फूल! मान असा की छाती फुगावी. पण उघडायचे नाव कुणी घेईना. पोटात एवढ्या गोष्टी असून मी वर्षानुवर्षे मुका. खरे सांगतो, फार वाईट वाटायचे.

मग सूर्यग्रहणाचा दिवस आला. घरातली सून करिष्मा गरोदर होती. वेध लागल्यापासून तिला पाण्याचा थेंब दिलेला नव्हता. तिचे ओठ सुकले, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. गीताबाईंचा जीव तिच्यासाठी तुटत होता, पण बाळाला काही होईल ही धास्ती त्याहून मोठी. त्यांनी नातीला हाक मारली, "प्रेरणा, पोथी वाच व माय. तेवढाच तिले धीर."

पोथीचे आणि माझे, दोन्ही फडकी सारखीच लाल. प्रेरणाने चुकून माझीच गाठ सोडली. आत 'ग्रहण' नावाचा धडा दिसताच तिला वाटले, हेच वाचायचे असणार.

माझ्या गोष्टीतला गुप्तहेर आपल्या गरोदर बायकोला सांगतो, "अगं, ही चंद्राची सावली. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नकोस, पाणी मात्र खुशाल पी."

गीताबाईंच्या हातातली माळ थांबली. "हे कोणती पोथी होय व?"

प्रेरणाने पहिले पान पाहिले. "आजी, याच्यावर तं भगवान आबाचं नाव हाये."

गीताबाईंनी माळ खाली ठेवली. सारे घर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्या उठल्या.

"माह्या भावानं मले कधी खोटं नाई सांगितलं," असे म्हणत त्यांनी स्वतः तांब्या भरला आणि सुनेच्या ओठांना लावला.

पुढे करिष्माची छकुली सुखरूप जन्मली. आता ती माझ्या पानांवर तेलकट बोटे उमटवते, आणि मला त्या डागांचाही अभिमान वाटतो. मित्रांनो, पुस्तकाला जरूर जपा. कव्हर घाला, निसटलेले पान चिकटवा. पण बांधून ठेवू नका.

माझी जागा आता देवघरात नाही, ओसरीवरच्या खाटेवर आहे. दिवेलागण झाली की गीताबाई मला प्रेरणाच्या हातात देतात आणि म्हणतात, "वाच व माय, माह्या भावाले बोलू दे."